चुन्याची बाई

त्या दिवशी तिथं होते ते असे. डॉक्टर सबनीस, सबनीसवहिनी, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्यांच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच माई म्हणायचो. वॉटफर्डचे जोशी नवराबायको. आमचे हे. मी. आणि तिथं कामावर असलेली आमची निर्मला आणि तिचा मुकादम जॉर्ज. नऊ माणसं. त्यातल्या माई गेल्या, हे गेले. जॉर्जचं काय झालं ठाऊक नाही. बाकीचे आहेत, आणि आपल्या मराठी मंडळाचं हे मासिक त्यांच्या घरी जातं. नावं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं मला मागं सरता येणार नाही.

ऑक्टोबर लागला की आमच्या हाउन्सलोच्या गल्लीत पानांचा लगदा होतो. पोस्टमन जपून पाय टाकतो. विमान खाली आलं की कपबशा वाजतात, त्या आता मला ऐकू येत नाहीत, पण पाहुणे आले की दचकतात. ह्या आठवड्यात शेजारच्या घरात प्लास्टर चाललंय. त्यांचं प्लास्टर पिशवीतलं, गुलाबी, त्याला चुन्याचा वास नाही. तरी ओली भिंत ती ओली भिंत. सकाळी चहा ठेवायला खाली आले आणि तो वास मधल्या भिंतीतून माझ्या किचनमध्ये आला. गॅस पेटवायचा राहिला. खुर्चीत बसून राहिले.

दरवर्षी हे असंच होतं. पानं गळायला लागली की मला ते मोठं घर आठवतं.

ते घर कुठल्या तरी लॉर्डाचं होतं. लंडनपासून मोटारीनं दोन तास. लढाईत तिथं सोल्जर ठेवले होते, मग शाळा होती, मग आग लागली, आणि मग पुष्कळ वर्षं फक्त कबुतरं. बाहेरून बघावं तर दगडाच्या शंभर खिडक्या आणि प्रत्येक खिडकीतून आभाळ दिसतंय. आत गेलं तर मजलेच नाहीत. वर भिंतीला शेकोट्या तशाच चिकटलेल्या, एकावर एक तीन, आणि त्यांच्यासमोर बसायला जमीन नाही. एक जिना वळण घेऊन वर जायचा आणि संपायचा. सगळ्यावर पत्र्याचं मोठं छप्पर घातलं होतं आणि त्यावर पाऊस असा वाजत होता की ओरडून बोलावं लागे. भिंतींना ओलं गोणपाट टांगलेलं. त्या गोणपाटाचा वास नाकात गेला आणि माझे पाय दारातच थांबले.

माईंचेही थांबले, पण वेगळ्या कारणानं. एवढं मोठं घर, म्हणून त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. ऑक्टोबरात, मोज्यांवर, चुन्याच्या चिखलात. जॉर्ज धावत आला. "नो, नो, मॅडम, बूट्स ऑन!" आणि त्यांच्या अंबाड्यावर त्यानं पिवळं हेल्मेट ठेवलं. ते अंबाड्यावर बसेना. माई म्हणाल्या, "अहो, ह्याला सांगा, लग्नात मुंडावळ्या बांधल्या तेव्हाही मी एवढी हलले नव्हते."

जोशी वर बघत म्हणाले, "आपल्याकडे असतं तर आत्तापर्यंत पाडून फ्लॅट झाले असते." डॉक्टर सबनीस हसले. आमचे हे हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते.

का बघत होते ते सांगते.

माझी आई चुन्यावर कामाला होती. साताऱ्याकडं तेव्हा बंगले, धर्मशाळा, देवळं चुन्यात बांधायचे. भट्टीतून कळीचा चुना यायचा, पांढरे दगड, दिसायला गरीब. खड्ड्यात पाणी सोडलं की ते दगड खदखदायला लागायचे. आई तोंडाला पदर बांधून लांब दांड्यानं ढवळायची. मग चुना दळायची घाणी. गोल चर, त्यात दगडी चाक, आणि चाकाला बैल. बैल आजारी पडला की बायका जू धरायच्या. मी आठ वर्षांची असताना धरलंय. शाळा तिसरीत सुटली ती तेव्हाच. वडील मी रांगत होते तेव्हा गेले, त्यांचा चेहरा मला आठवत नाही.

एकदा चुना उडाला तो आईच्या डाव्या डोळ्यात. बायकांनी पाण्यानं धुतला, तुपाची धार सोडली, पण डोळा गेला. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. मी रडत होते तर म्हणाली, "एक हाय की अजून. रडतीस कशाला, पाणी शिंपड भिंतीवर." चुन्याची भिंत वाळू द्यायची नसते. हळूहळू पिकवायची असते. उन्हात गोणपाट भिजवून टांगायचं, पाणी मारत राहायचं, आणि भिंतीला तडा दिसला की ओलं करून थापीच्या पाठीनं दाबत, घोटत बसायचं, तडा मिटेपर्यंत. बाळाला थोपटतात ना, तसं. आमच्या आईसारखं कुणाला जमत नसे. गवंडीसुद्धा तिला हाक मारायचे.

तिचे हात पांढरे, भेगाळलेले. घास भरवायची तेव्हा ओठाला खरखर लागायची. कामावरून आल्या की सगळ्या बायका चिंचेच्या कोळात हात बुडवून बसायच्या आणि मग तेल लावायच्या. आंबटानं चुना मरतो. तेव्हा सगळ्या गप्प असायच्या, कारण भेगांत झोंबायचं.

आमचे हे मिलिटरीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. विमानतळावर काम मिळालं म्हणून आम्ही इकडं आलो. मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायची. ते काम सांगायची मला कधी लाज वाटली नाही, इथं सगळेच काही ना काही करायचे. पण मंडळात पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले, सगळ्या डॉक्टरांच्या बायका, कुणाचे वडील वकील, कुणाचे मामलेदार. सबनीसवहिनींनी सहज विचारलं, "तुमचे वडील काय करायचे हो?" मी म्हटलं, "कॉन्ट्रॅक्टर होते. बांधकाम." बांधकाम हा शब्द खरा होता, म्हणून बाकीचं घशातून सहज निघालं. मग ते खोटं पोसत बसले. 'हाय'चं 'आहे' करायला मला दोन वर्षं लागली. आईची पत्रं यायची, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. ती मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची. आई गेली तेव्हा निर्मला सहा वर्षांची होती. मी गेले नाही. जाता आलं असतं. हे म्हणाले होते, "जाऊन ये." मी म्हटलं, आता जाऊन काय.

निर्मलाला मी तेच सांगत आले. तुझे आजोबा कॉन्ट्रॅक्टर. घरी माणसं कामाला. आजी? आजी घरीच असायची.

आणि ही पोरगी, केमिस्ट्रीत पहिली येणारी, सबनीसांच्या मुलीबरोबर फार्मसीला जायची होती ती, एक दिवस म्हणाली, "आई, मी जुना घर रिपेअर करायचा कोर्स घेतला. लाइम प्लास्टर." मला कळेना. तिनं हातानं करून दाखवलं. थापी धरल्यागत हात गोल फिरवला. माझ्या हातातलं ताट सिंकमध्ये पडलं.

जगात एवढी कामं. कुणी सांगितलं नाही, दाखवलं नाही, आणि ती बरोब्बर तिथंच जाऊन उभी राहिली. मी तिच्याशी महिनाभर धड बोलले नाही. "हात खराब होतील," एवढंच म्हणत राहिले. तिला वाटलं, मला तिच्या लग्नाची काळजी आहे. "आई, इट्स नाइन्टीन एटी-सिक्स," म्हणायची आणि हसायची.

हात खराब झालेच. शनिवारी घरी यायची तेव्हा बोटांना भेगा. मी चिंच भिजवली, कोळ काढला, वाडगं तिच्यासमोर ठेवलं. "हे काय आहे?" "घरगुती उपाय. बुडव." ती ओरडली, मग म्हणाली, "इट वर्क्स!" पुढच्या सोमवारी चिंचेचा अख्खा पुडा घेऊन गेली. नंतर कळलं, तिथले सगळे गोरे गवंडी जेवणाच्या सुट्टीत चिंचेच्या पाण्यात हात घालून बसायचे. मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. एवढ्याशा गोष्टीतून कुणी माग काढला तर?

मंडळात मी सांगितलं होतं, निर्मला म्युझियमच्या लाइनमध्ये आहे. गणपतीला तीच सबनीसवहिनींना म्हणाली, "मावशी, या ना बघायला. मी भिंत करतो." वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "अगं, तू तर म्हणालीस म्युझियम!" मी म्हटलं, "तसंच ते, जुन्या वस्तूंचं." त्या म्हणाल्या, "असू दे गं, ह्या लोकांत चालतं." त्यांनी ते समजूत घालायला म्हटलं होतं. मला मात्र ते आठ दिवस टोचत राहिलं. आणि मग सगळे मिळून जायचं ठरलं. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी माझ्याकडं, चहाचे फ्लास्क जोशीबाईंकडं.

तर आम्ही त्या घरात उभे होतो, डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून. निर्मला विटकरी स्वेटरमध्ये, केसांत चुना, पळतच आली. तिनं माझा हात धरला आणि ओढत नेलं. "आई, बघ. हा भिंत मी केला."

दिवाणखान्याची भिंत होती. मोठी, सरळ, दुधावरच्या सायीसारखी. मी खोटं सांगणार नाही, माझ्या छातीत काहीतरी भरून आलं. किती छान केली होती पोरीनं. पण खिडकीच्या कोपऱ्यात बारीक तडे होते, केसासारखे. निर्मलाचा चेहरा उतरला. "हा कोपरा रोज क्रॅक होतो. जॉर्ज म्हणतो, वारा लागतो इकडे. परत काढायला लागेल सगळा."

मी काही ठरवलं नाही. हातानं ठरवलं. शेजारच्या बादलीत ब्रश होता, तो भिजवून मी कोपऱ्यावर पाणी शिंपडलं. लाकडी थापी पडली होती ती उचलली, उलटी धरली, आणि घोटायला लागले. आधी हळू, तडा आडवा घ्यायचा, उभा नाही. मग जोर. पाठीतून जोर आणायचा, मनगटातून नाही. पाऊस वाजत होता म्हणून कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मला सांगता येणार नाही किती वेळ. चाळीस वर्षं त्या हातांनी थापी धरली नव्हती, पण ते विसरले नव्हते. तडा मिटला. मग दुसरा मिटला. मी बोटानं वरून चाचपलं, जशी आई चाचपायची, डोळा मिटून.

मागं वळले तर सगळे बघत होते.

जॉर्ज पुढं आला. साठीचा माणूस, लाल नाक, भुवयांवर चुना. त्यानं कोपऱ्यावर हात फिरवला आणि निर्मलाला म्हणाला, "युअर मदर्स डन धिस बिफोर." त्यानं मान झुकवली, खरंच झुकवली, जशी आपण मोठ्या कारागिरापुढं झुकवतो. तो माझा मान करत होता. मला वाटलं, चोर पकडला.

निर्मलाचे डोळे एवढाले झाले होते. "आई, तुला कसा येतो हे?"

वहिनी बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट काहीच नव्हतं, हेही लिहायला पाहिजे. नुसतं कुतूहल. माई तर म्हणाल्या, "वा गं बाई, हात काय गोड आहे तुझा!" कुणी मला हिणवलं नाही. कुणी ढकललं नाही. एक शब्द खरा बोलले असते तर माझं काय गेलं असतं?

मी थापी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाले, "मला कुठं काय येतं. आमच्याकडं ही कामं करायला बायका यायच्या. त्यांतल्या एकीचं बघून बघून आलं."

निर्मलानं लगेच खिशातून वही काढली. ती असंच करायची, सगळं लिहून ठेवायची. "कोण होती ती? नाव काय तिचा?"

मी हसले. हसून म्हणाले, "अगं, त्या बायकांची नावं कोण लक्षात ठेवतं?"

जोशीबाई म्हणाल्या, "खरंय. आमच्याकडेही यायच्या, एकीचंही नाव आठवत नाही." आणि विषय पुऱ्यांवर गेला.

तिचं नाव हिराबाई. हिराबाई बाबू मोहिते. डाव्या डोळ्यानं अधू. माझी आई.

आम्ही पत्र्याखाली फळ्यांवर बसून जेवलो. भाजी छान झाली होती म्हणे. जॉर्जनं चार पुऱ्या खाल्ल्या आणि मला परत परत थँक्यू म्हणाला.  बाहेर त्या लॉर्डाच्या बागेत चेस्टनटची झाडं होती, वाऱ्यानं त्यांची फळं पत्र्यावर टणटण पडत होती. माई दचकून दर वेळी "काय गं ते?" विचारायच्या आणि निर्मला दर वेळी "काही नाही माई, झाड आहे" सांगायची. तिचं लक्ष वहीत होतं.

सबनीसांनी आम्हाला घरी सोडलं.  दारात बूट काढताना हे माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "आपल्या लग्नात तिनं माझे पाय धुतले होते. नाव माझ्या लक्षात आहे." तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मरेपर्यंत त्यांनी मला त्या घराबद्दल काही विचारलं नाही, निर्मलाची भिंत कशी झाली हेही नाही. तेवढं पुरे होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय झालं. माणूस चार लोकांत काहीबाही बोलतो. मीही तसंच म्हणून बघितलं. पण आईला मी नुसतं लपवलं नाही. लपवलं असतं तर ती माझ्याकडं तरी राहिली असती. मी तिला माझ्याच घरची, न आठवणारी, मजूर बाई केली. आणि ते तिच्या नातीच्या हातानं लिहून घेतलं. नातीचे हात तिच्यासारखेच आहेत, आखूड बोटं, रुंद पंजा. मी तिच्या हातांना तेल लावते ना, मला माहीत आहे.

ते घर काही वर्षांनी लोकांना बघायला उघडलं. निर्मलाचं तिथं भाषण होतं. मी एकटी गेले, हे नव्हते तेव्हा. त्याच दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. आता वर छत होतं, झुंबर होतं, जमीन अशी चकचकीत की माईंनी चपला काढल्या असत्या तर शोभलं असतं. निर्मला पुढं उभी, बारीक काठाची माझी साडी नेसून. तिनं पडद्यावर भिंतीचे फोटो दाखवले. मग म्हणाली, ही भिंत वाचली ती एका बाईमुळं. ती माझ्या आईच्या घरी हिंदुस्थानात कामाला यायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला तिचं नाव माहीत नाही, पण मी रोज काम करताना तिची आठवण करते.

इंग्रजीत ते फार चांगलं वाटलं. बायकांनी डोळे पुसले. शेजारची गोरी बाई मला म्हणाली, "यू मस्ट बी सो प्राउड." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पर्स मांडीवर ठेवली आणि मीही वाजवल्या.

त्या टाळ्यांची मला जेवढी लाज वाटते तेवढी पहिल्या खोट्याचीही वाटत नाही. पहिलं तोंडातून निसटलं म्हणता येईल. टाळ्या मोजूनमापून वाजवाव्या लागतात.

निर्मला आता वॉटफर्डला असते. दर रविवारी फोन करते. कितीदा ठरवलं, आज सांगायचं. एकदा सुरुवातही केली. "निर्मला, ती चुन्याची बाई..." "हां आई, काय?" मागं तिची पोरगी रडत होती, कुकर वाजत होता. "काही नाही. जेवलात का?" समोर बसली तरी तेच. तिला बघितलं की दिवाणखान्यातला तिचा चेहरा दिसतो, किती विश्वासानं वही उघडून उभी, आणि मी चहा ठेवायला उठते. मी भित्री बाई नाही. सहा महिन्यांचं मूल पुरलंय, नवरा पोचवलाय, ट्रे भरता भरता बोट कापलं तर फडकं बांधून पाळी पुरी केलीय. पण हे एक वाक्य मला जमत नाही.

म्हणून मी लिहायला बसले. तिसरीपर्यंतचं शिक्षण, जोडाक्षरं चुकली असतील, ती संपादकांनी नीट करावीत. निर्मलाच्या घरीही हे मासिक जातं, पण तिला मराठी वाचता येत नाही, ती फोटो बघते आणि ठेवून देते.

तर माझं मागणं एवढंच. तुम्हाला हे वाचता येतंय. तुमच्यातले कितीतरी तिला ओळखता, गणपतीत भेटता. कुणीतरी एकानं तिच्याजवळ बसून हे तिला इंग्रजीत वाचून दाखवा. सगळं वाचा. मला सांभाळून घ्यायला मधलं काही गाळू नका. नाव कोण लक्षात ठेवतं, असं मी हसून म्हणाले, ते तर गाळूच नका. हसून, हेही सांगा.